ताई, शनिवार आला की माझं पोट बिघडतं

आधी पत्र थोडक्यात देते. नाव-गाव अर्थातच काढलंय.

"नमस्कार ताई. मी सातारा जिल्ह्यातली, फार्मसीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सात महिने झाले बॉक्सिंगला जाते. बॅगवर, पॅडवर सर म्हणतात हात मस्त चालतोय. पण शनिवारी स्पॅरिंग असतं, म्हणजे रिंगमध्ये समोरासमोर सरावाची लढत. क्लबमध्ये मी एकटीच मुलगी, वजन 53. बरीचशी मुलं मला मारतच नाहीत, नुसती हसत गोल फिरतात. एक दादा आहेत, वजन सत्तरच्या वर, त्यांना माझा एक जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) नीट बसला तर पुढच्याच सेकंदाला त्यांनी असा राइट टाकला की नाकातून रक्त. सर म्हणाले मार खाल्ल्याशिवाय बॉक्सर होत नाही. तेव्हापासून पंच येताना दिसला की डोळे मिटतात आणि तोंड आपोआप बाजूला फिरतं. शनिवार आला की पोट बिघडतं, कॉलेजचं कारण सांगून दांड्या मारल्या. आईने नाक बघितलं, ती म्हणते बास झालं आता. पुढे जिल्हा स्पर्धा आहे आणि मला उतरायचंय. मी घाबरट आहे का? आणि स्पॅरिंग नेमकं करायचं तरी कसं?"

अगं, घाबरट आहेस का ते नंतर बघू, आधी मला सांग त्या दिवशी घरी गेल्यावर डोकं दुखलं होतं का. मळमळ, उजेड नकोसा वाटणं, उगाच चिडचिड, पुस्तक उघडलं तर तीच ओळ परत परत वाचणं, किंवा त्या राउंडमधलं मधलंच काहीतरी न आठवणं, यातलं काही? हे आधी विचारते कारण नाकाचं रक्त सगळ्यांना दिसतं म्हणून सगळे नाकाकडे धावतात आणि डोक्याला काय झालं ते कुणी बघत नाही. यातलं काही झालं असेल, अजूनही होत असेल, तर हे वाचणं थांबव आणि डॉक्टरकडे जा, आणि ते हो म्हणेपर्यंत ग्लोव्हज नाहीत. (पुढे कधी कुणाला मार लागल्यावर परत परत उलट्या, बोलताना जीभ अडखळणं, किंवा झोपेतून नीट जागं न होणं असलं काही दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री हॉस्पिटल.) स्पर्धेत डोक्याला मार लागून बाउट (लढत) थांबवली तर त्या बॉक्सरला कमीत कमी 30 दिवस रिंगणात येऊ देत नाहीत आणि त्यात स्पॅरिंगही धरलंय, मग आपल्या क्लबात कुणी तिसऱ्या दिवशी "चल गं, काही होत नाही" म्हणत असेल तर त्याला हा नियम सांग.

नाकाचंही सांगून टाकते. रक्त आलं की मान मागे टाकायची नाही, पुढे वाकायचं, नाकाचा मऊ भाग बोटांनी दाबून धरायचा दहा मिनिटं, आणि मधे मधे सोडून बघायचं नाही थांबलं का म्हणून. एका बाजूने श्वास अडकत असेल किंवा नाक वाकडं दिसत असेल तर कानाघशाच्या डॉक्टरला दाखव, तेही लवकर.

आता घाबरट. तू ज्या स्पर्धेत उतरणार आहेस तिथे 54 च्या गटातल्या मुलीला 57 च्या गटातल्या मुलीसमोर उभं करत नाहीत. तीन किलोचा फरक पडला तरी गट बदलतो. आणि तुला सत्तरच्या वरच्या पुरुषासमोर उभं केलं, त्याने चिडून राइट टाकला, आणि आता तुझं शरीर म्हणतंय की मला तिथे परत नको. बरोबरच म्हणतंय की. मला तर काळजी त्या पोरांची वाटते ज्यांना असं झाल्यावर काहीच वाटत नाही.

"मार खाल्ल्याशिवाय बॉक्सर होत नाही" हे वाक्य मीपण ऐकलंय, बॉक्सिंगमध्ये असलेल्या प्रत्येकाने ऐकलंय, आणि ते अर्धं खरं आहे म्हणून जास्त त्रास देतं. पंच लागणारच, लागल्यावर पुढचं काम करत राहायचं हे शिकावं लागतं, ते बॅगवर येत नाही कारण बॅग उलट मारत नाही. पण शिकायला लागतो तो पंच आणि तुला बसला तो पंच हे दोन वेगळे. तू साताऱ्याची आहेस, तालीम बघितली असशील. नवीन पोरगं आलं की वस्ताद एखाद्या मोठ्या पैलवानाला बोलवतो आणि म्हणतो, याला जरा खेळव. मग तो पैलवान पोराला डाव टाकू देतो, अर्धा डाव बसला की सुटतो, परत धरू देतो, चुकलं तिथे अलगद खाली घेतो. कुणी त्याला विचारत नाही किती वेळा चीतपट केलंस म्हणून, पोराला चीतपट केलं तर वस्तादच त्याच्यावर ओरडेल. बॉक्सिंगमधलं स्पॅरिंग हे असं असायला पाहिजे आणि चांगल्या क्लबात असतंच. तिथे जिंकायचं काही नसतं. प्रत्येक राउंडला एक काम ठरलेलं असतं आणि दोघांना ते माहीत असतं, बेल वाजल्यावर ते काम जमलं का एवढंच बघायचं.

तुझ्या पत्रात मला हेच कुठे दिसलं नाही. शनिवारी सर दोघांना आत सोडतात आणि बेल वाजवतात, असंच ना? मग ज्याचं वजन जास्त आणि डोकं गरम तो मारणार आणि दुसरा वाचणार, त्यात शिकायचं काय.

म्हणून पहिलं काम रिंगच्या बाहेरचं आहे, सरांशी बोलणं. शनिवारी ग्लोव्हज घालून रांगेत उभं राहून नको, तेव्हा ते ऐकत नाहीत. मधल्या वारी, प्रॅक्टिस सुटल्यावर, ते पॅड गोळा करत असतील तेव्हा जा. आणि "सर मला भीती वाटते" असं सुरू करू नकोस, खोटं बोल म्हणून सांगत नाहीये, पण त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं आहे ते तुला मिळेल. असं सांग: सर मला जिल्ह्याला उतरायचंय, पंच येताना माझे डोळे मिटतायत, ते काढायला मला काही आठवडे कंडिशन राउंड, म्हणजे काम ठरवून दिलेले राउंड, द्याल का. एक राउंड नुसता जॅबचा, एक राउंड मी फक्त डिफेन्स करते समोरचा हलक्या हाताने मारेल, एक राउंड फक्त बॉडीचा. कोच माणसाला दुखणं सांगितलं तर तो धीर देतो आणि काम मागितलं तर तो काम देतो, बहुतेक सगळे असेच असतात. आणि त्या दादांबरोबर इतक्यात नको हेही स्पष्ट सांग, नाव घेऊन, वजनाचं कारण देऊन.

एवढं सांगूनही सर हसले आणि परत त्याच दादांसमोर उभं केलं तर क्लब बदल. वाद घालू नकोस, सोशल मीडियावर लिहू नकोस, सरळ दुसरीकडे जा, लांब पडला तरी. क्लब निवडताना मी तर बॅगा-बिगा बघतच नाही, शनिवारी जाऊन कडेला बसते आणि बघते की सगळ्यात नवीन पोराला सगळ्यात जुना पोरगा कसा मारतोय.

हलकं किती ते टक्क्यात ठरवू नका. "पन्नास टक्केच मारतोय" असं म्हणणाऱ्यांचे पन्नास टक्के मी बघितलेत. आणि सत्तरच्या माणसाचे पन्नास तुझ्यासाठी पन्नास नसतातच. माझ्या मुलींच्या बॅचला साधा नियम आहे, तोंडाला टच, बॉडीला जरा जोर चालेल. टच म्हणजे ग्लोव्ह लागल्याचं कळलं पाहिजे पण मान हलली नाही पाहिजे. मान मागे गेली की तो जड होता, मारणाऱ्याने लगेच "सॉरी" म्हणायचं आणि वेग उतरवायचा. आत जाण्याआधी तू स्वतः बोल, ग्लोव्ह टेकवताना: "दादा, आज मी जॅब आणि पायांवर काम करतेय, तोंडाला हलकं ठेवा." दहा सेकंदाचं काम आहे पण समोरच्याचं डोकं जागेवर येतं. मधेच जड बसला तर एक पाऊल मागे, हात वर, "हलकं." परत बसला तर दोरीखालून बाहेर ये. राउंड अर्धा सोडला म्हणून कुणी काही म्हणेल, म्हणू दे.

आणि ती हसत गोल फिरणारी मुलं. तुला वाटत असेल हे बरं आहे, पण तीही तुझं नुकसानच करतायत, फक्त दुखत नाही म्हणून कळत नाही. त्यांच्यासमोर तू खुशाल उघडी राहतेस, मारून हात खाली ठेवतेस, आणि काहीच होत नाही, मग तुझ्या अंगाला वाटतं हे चालतं. त्यांना काम दे. सांग की माझा लेफ्ट मारून परत येताना खाली राहिला तर तिथे टच करा, प्रत्येक वेळी. मुलगी आहे म्हणून मारायचं नाही ठरवलेल्या मुलांना नेमकं किती आणि कुठे ते सांगितलं की त्यांचाही जीव भांड्यात पडतो, खरंच, त्यांना पण कळत नसतं काय करावं. त्यातला साठच्या आतला, शांत डोक्याचा एखादा निवड आणि त्याच्याबरोबर रोज प्रॅक्टिसनंतर पाच मिनिटं माग. जवळपासच्या तालुक्यात मुली खेळत असतील तर महिन्यातून एखादा शनिवार एकत्र करायला सरांना सांग, कोच लोकांची एकमेकांशी ओळख असतेच.

आता डोळे. डोळे मिटणं ही तुझी चूक नाही, तोंडाकडे काही वेगाने आलं की पापणी मिटते, सगळ्यांची. मिटलेली लगेच उघडायची आणि तोंड फिरवायचं नाही एवढंच शिकायचंय, आणि यातलं जास्त वाईट ते तोंड फिरवणं. तोंड फिरलं की कानामागचा, मानेचा भाग समोर येतो, जिथे मारायला नियमातच बंदी आहे इतका तो भाग नाजूक, आणि वर पुढचा पंच दिसतच नाही. न दिसलेलाच जोरात लागतो.

यासाठी रिंग नको, भिंत पाहिजे. भिंतीला पाठ लावून उभी राहा, टाच आणि भिंत यात वीतभर जागा, हेडगार्ड, माउथगार्ड घालून. समोरचा अगदी सावकाश जॅब टाकेल तुझ्या कपाळाकडे. तू उजव्या तळहाताने तो तोंडासमोर झेल, मारू नकोस, ढकलू नकोस, नुसता झेल, आणि झेलताना दात माउथगार्डवर घट्ट ठेवून नाकातून जोरात श्वास सोड, फुस्स असा आवाज आला पाहिजे. मागे भिंत आहे त्यामुळे पळायचा प्रश्न मिटला. ग्लोव्हकडे बघायचं नाही, त्याच्या गळ्याच्या खाली, छातीच्या वरच्या हाडाकडे बघायचं, तिथून खांदा दिसतो आणि पंच आधी खांद्यातून निघतो मग हातात येतो. जमायला लागलं की मधेच एखादा हलका टच कपाळाला बसू दे, मुद्दाम. कपाळाला, नाकाला नाही. हनुवटी छातीकडे असली की तो कपाळालाच बसतो, म्हणून तर सगळे कोच दिवसभर "हनुवटी खाली" ओरडत असतात. हळूहळू वेग वाढवायचा, जोर नाही.

श्वासाचं मी दोनदा सांगेन कारण तुझं पोट बिघडतं त्याचाही याच्याशी संबंध आहे असं मला वाटतं. घाबरलेला माणूस श्वास धरतो. धरला की मिनिटभरात दमतो, दमला की हात खाली, हात खाली आले की मार, आणि मग त्याला वाटतं आपला स्टॅमिना कमी म्हणून तो बिचारा अजून पळायला जातो. बहुतेक वेळा स्टॅमिना बरा असतो. पहिली तीस सेकंद नुसता जॅब आणि पाय, दुसरं काही नाही, प्रत्येक जॅबला फुस्स.

मागे सरळ जाऊ नकोस, दोन पावलांवर दोरी आहे. एक पाऊल मागे, मग बाजूला. आणि पंच बसला की लगेच उसनं फेडायला जाऊ नकोस, त्या दादांनी नेमकं हेच केलं ना? त्यांच्यासारखं करू नकोस. बसला, ठीक, जॅब टाक आणि बाजूला हो. फोन स्टुलावर लावून राउंड शूट कर, घरी बघताना फक्त पाय बघ आणि पंच येताना डोळे, बाकी सगळ्या चुका सोडून दे सध्या.

किती करायचं? आठवड्यातून एक दिवस, दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड, ठरवून केलेले, सुरुवातीला एवढं बास. मोकळे राउंड स्पर्धा जवळ आल्यावर, तुझ्या वजनाच्या आसपासच्या कुणाबरोबर, मोजके, आणि शेवटच्या आठवड्यात जड काही नको. ताप, झोप झाली नाही, वजन उतरवायला पाणी तोडलंय, अशा दिवशी तर ग्लोव्हजलाही हात लावू नकोस. स्पर्धेसाठी वजन काढत असलेली पोरं कोरड्या अंगाने स्पॅरिंग करतात आणि मला ते बघवत नाही.

हेडगार्ड आहे की, असं कुणी म्हणेल. हेडगार्ड भुवई फुटण्यापासून वाचवतं, कान वाचवतं. कवटीच्या आत मेंदू हलतो तो हेडगार्ड घालूनही हलतोच, बाजूने येणारा हूक बसल्यावर डोकं गर्रकन फिरतं तेव्हा तर जास्तच. पुरुषांच्या सीनियर गटातून 2013 ला हेडगार्ड काढले, 2016 च्या रिओ ऑलिम्पिकला ते उघड्या डोक्याने खेळले, मुलींना अजून ठेवलेत, त्यावरचे वाद चालूच आहेत. आणि बारीक बारीक माराचा हिशोब नंतर होतो. बॉक्सरांचा "पंच ड्रंक" (डोक्याला मार खाऊन खाऊन मेंदू बिघडण्याचा) आजार 1928 मध्येच एका अमेरिकन डॉक्टरने लिहून ठेवला होता. मोहम्मद अली उतारवयात सरावाला स्वतःच्या पार्टनरांना खुशाल हाणू द्यायचा, अंग मार सोसायला तयार होतं असा त्याचा हिशोब. 1980 ला त्याचाच जुना स्पॅरिंग पार्टनर लॅरी होम्स समोर आला, दहा राउंडनंतर अलीच्या कॉर्नरनेच बाउट थांबवली, आणि 1984 ला पार्किन्सनचं निदान झालं. त्यात माराचा वाटा किती यावर डॉक्टर अजून भांडतात, पण सरावातला मार वेगळा आणि स्पर्धेतला वेगळा असं डोक्याला काही कळत नाही.

ग्लोव्हजचं एक लक्षात घे. मोठा ग्लोव्ह समोरच्याला वाचवतो, घालणाऱ्याला नाही. म्हणजे तुझ्या हातात 14 औंस चालतील पण जड पार्टनरच्या हातात 16 च पाहिजेत, आणि तेही आतला फोम मेलेले जुने नकोत, अंगठ्याने दाबून बघ, बोटांची हाडं लागतायत का. स्पर्धेत मुलींना 10 औंसचे देतात, हात एकदम हलका वाटतो आणि पंचही टोचतो, तेव्हा दचकू नकोस.

जिल्ह्याला उतरायचं का? डोळे उघडे राहायला लागले आणि तीन मोकळे राउंड न थांबता झाले तर उतर. नाहीतर या वेळी बघायला जा, पुढच्या वेळी उतर. वय पळून जात नाहीये.

राहिली आई. निखत झरीन आपल्या नांदेडला लागून असलेल्या निजामाबादची. तीही सुरुवातीला मुलांमध्ये एकटीच मुलगी होती, मुलाबरोबर स्पॅरिंग करून काळानिळा डोळा घेऊन घरी गेली आणि आई रडायला लागली की आता हिच्याशी लग्न कोण करणार. 2022 ला इस्तंबूलमध्ये आणि 2023 ला दिल्लीत ती वर्ल्ड चॅम्पियन झाली. पण हे आईला सांगून "बघ" म्हणू नकोस, आयांवर असल्या गोष्टींचा परिणाम होत नाही. आईला नाक दिसलं, त्यामागचं काही दिसलं नाही. सरांशी बोलणं झालं, राउंड ठरवून व्हायला लागले की एका शनिवारी तिला घेऊन जा, खुर्ची दे, बसू दे. तिला काय विचारायचं ते ती सरांनाच विचारेल, आणि सरांनाही एखादी आई समोर बसलेली असली की बरं असतं.

ता. क. केसांचा अंबाडा घालून हेडगार्ड घालत असशील तर ते आधी बंद कर. अंबाड्यावर हेडगार्ड मागून उचललं जातं आणि पुढून डोळ्यांवर उतरतं, मुलं बारीक केसांची त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. मानेशी खाली दोन वेण्या, घट्ट, आणि पट्टा हनुवटीखाली एक बोट जाईल इतका. माउथगार्ड गरम पाण्यात बुडवून चावून बसवायचं असतं, दुकानातून आणून तसंच घालू नकोस, तोंड उघडलं की पडत असेल तर बसलेलं नाही असं समज आणि पुन्हा गरम पाण्यात घालून बसव.